४५ सेंटिमीटरचं स्टूल

बारा वर्षांच्या मुलीने खुनाचा उलगडा केला असं लिहिलं, की वाचक मनातल्या मनात विचारतो: पोलिसांना जे दिसलं नाही ते हिला कसं दिसलं? "ती फार हुशार होती" हे उत्तर चालत नाही. हुशारी लेखकाने एका वाक्यात बहाल केलेली असते, म्हणून तिला वजन नसतं. चालणारं उत्तर एकच आहे. त्या खोलीत, त्या वस्तूंमध्ये ती रोज वावरत होती आणि दुसरं कुणी वावरत नव्हतं. बालगुप्तहेराच्या कथेचा सगळा डोलारा यावर उभा असतो असं मी मानते. रहस्य असं रचायचं, की ते या मुलीलाच सुटावं. तिच्याहून दुप्पट हुशार माणूस आणून उभा केला तरी तो चाचपडत राहावा.

एक रचूनच बघू.

एक म्हातारे गृहस्थ, एकटे राहणारे, बुद्धिबळाचे वेडे. शेजारची बारा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे डाव मांडायला जाते, त्यांना आजोबा म्हणते. एका सकाळी आजोबा बाहेरच्या खोलीत मरून पडलेले सापडतात. डोकं दगडी उंबरठ्यापाशी, स्टूल आडवं, हाताशी एक बल्ब, वर होल्डर रिकामा. बल्ब बदलायला चढले आणि तोल गेला, असं सगळे म्हणतात. पोलिसांनाही त्यात वावगं वाटत नाही.

आता आकडे. होल्डरमधला बल्ब जमिनीपासून २७० सेंटिमीटरवर होता. स्टूल ४५ सेंटिमीटरचं. आजोबांची उंची १५८. हात सरळ वर केला की बोटांची टोकं साधारणपणे उंचीच्या सव्वा पटीपर्यंत पोचतात, म्हणजे आजोबांची १९७ पर्यंत. त्यात स्टुलाचे ४५ मिळवले की २४२. चवड्यांवर उभे राहिले तर आणखी सात-आठ. तरीही बल्ब वीतभर लांबच राहतो. ज्याने हा देखावा उभा केला त्याची उंची आहे १८८. त्याचा हात २३५, स्टुलासकट २८०. तो चढला, बल्ब सहज हाती आला, त्याने तो काढला आणि म्हाताऱ्याच्या हाताशी ठेवला. आपला हात पोचला तिथे त्यांचा पोचला नसता, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

हे आकडे कथेत एकदाही येणार नाहीत, पण लेखकाच्या वहीत ते असायलाच हवेत. "स्टूल ठेंगणं होतं" एवढ्यावर भागवलं, तर पुढे कुठल्यातरी प्रसंगात हेच स्टूल उंच होतं आणि रचना ढासळते. वाचक मोजत बसत नाही, पण चूक त्याला जाणवते.

हा दुवा मला आवडतो, कारण तो एकटा दोन कामं करतो. हा अपघात नव्हता हे तो सांगतो, आणि कुणी केलं तिकडेही बोट दाखवतो. छोट्या कथेत जागा कमी असते. चार-पाच हजार शब्दांत एकेक काम करणारे दहा दुवे पेरले तर कथेचा हिशेबाचा कागद होतो. दोन कामं करणारे तीन दुवे पुरतात.

लिहायला सुरुवात मात्र मुलीपासून करायची नाही. आधी खुन्याची ती संध्याकाळ लिहून काढायची, मिनिटांच्या हिशेबात, चार रकाने आखून: वेळ, त्याने काय केलं, मागे काय उरलं, कुणाला दिसू शकलं असतं. आपल्या कथेत खुनी म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. तो आजोबांच्या खोट्या सह्या करून त्यांचे पैसे उचलत होता आणि ते त्यांच्या लक्षात आलं. ८.४० ला बोलाचाली. ८.५० ला त्याने त्यांचं डोकं उंबरठ्यावर आपटलं. ८.५५ ला तो शिडी शोधतो, कारण शिडीवरून पडणं जास्त पटण्यासारखं. शिडी जागेवर नाही. ९.०० ला स्टूल, मग बल्ब. ९.१० ला तो वर निघून जातो.

दगडी उंबरठा मुद्दाम निवडला आहे. एखाद्या जड वस्तूने मारलं असतं, तर जखमेचा आकार पडण्याशी जुळला नसता, डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत ते ओळखलं असतं आणि मुलीपर्यंत काही पोचण्याआधीच प्रकरण संपलं असतं. कथेतले पोलीस आणि डॉक्टर आपापलं काम नीट करत असूनही चुकायला हवेत. त्यांना मठ्ठ दाखवून मुलीला हुशार ठरवणं हा या प्रकारातला सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि तो लहान वाचकालाही कळतो.

तसंच शिडीचं. शिडी का नव्हती, हा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारणारच. उत्तर लेखकाजवळ तयार हवं, आणि ते कथेच्या आतून आलं तर फारच बरं. आजोबांचा एक जुना मित्र आहे, बुद्धिबळातला प्रतिस्पर्धी. खुनाच्या आदल्या दिवशी त्यांचं कडाक्याचं भांडण मुलीने ऐकलं आहे: "आत्ताच्या आत्ता परत कर, नाहीतर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" वाचकाचा संशय तिथे जाऊन बसतो. मित्र पोलिसांना खोटं सांगतो, भांडण झालंच नाही म्हणतो, त्यामुळे संशय आणखी पक्का होतो. शेवटी कळतं, की परत मागितली होती ती शिडी. मित्राने ती नेली होती, तिची एक पायरी मोडली आणि लाजेपोटी तो सांगत नव्हता. आजोबा गेल्यावर तर त्याला तोंड उघडणंच अशक्य झालं, कारण त्याच्या मनाने घेतलं होतं की शिडी वेळेवर परत केली असती तर आपला मित्र स्टुलावर चढलाच नसता.

चकवा असा असावा. नुसता वाचकाला भलतीकडे नेऊन सोडून देणारा चकवा म्हणजे फसवणूक. पुस्तक मिटल्यावर राग येतो. मित्राचं खोटं माणसाला शोभेल असं आहे, त्याला स्वतःचं दुःख आहे, आणि उलगडल्यावर त्यातूनच 'स्टूल का वापरलं' याचं उत्तर मिळतं. चकवा सुटताना खऱ्या रहस्याचा एक दरवाजा उघडला पाहिजे.

आता पेरणी. पहिल्या दोन पानांतच वाचकाला तिघांच्या उंच्या दिसायला हव्यात आणि उंचीबद्दल काही सांगितलं जातंय हे कळता कामा नये. त्यासाठी एक साधा प्रसंग. सोंगट्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवलेला आहे. मुलगी स्टुलावर चढते, बोटांची टोकं फळीच्या कडेला जेमतेम लागतात. "उतर गं, पडशील!" म्हणून आजोबा ओरडतात. तेवढ्यात भाडेकरू दारातून आत येतो, जमिनीवर उभा राहूनच हात वर करतो, डबा काढून तिच्या हातात देतो आणि म्हणतो, "आज आजोबांना हरवायचं बरं का!" वाचकाला इथे एक भला माणूस दिसतो. खुन्याचं नावगाव, त्याचा हात किती लांब जातो हे आणि त्याचा चांगुलपणा, सगळं एका हालचालीत येऊन गेलं.

आजोबांची उंची दाराच्या चौकटीवर. तिथे पेन्सिलीच्या खुणा आहेत, दर सहा महिन्यांनी मुलीची उंची मोजलेली. सगळ्यात वर एक खूण आजोबांची. "दोन वर्षांत मला मागे टाकशील," असं ते म्हणतात. वाचक इथे जिव्हाळा वाचतो. माप त्याच्या मनात नकळत जाऊन बसतं. छत उंच आहे हे सांगायला बल्बभोवतीची कोळ्याची जाळी काढताना काठीला झाडू बांधावा लागला, एवढं एक वाक्य पुरे.

दुवा कुठे ठेवायचा याचे काही आडाखे आहेत. तीन गोष्टींची यादी असेल तर महत्त्वाची मधे. पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं निसटतं. दुवा दाखवल्यावर लगेच भावना किंवा गडबड आणायची: आजोबांचं ओरडणं, दारावरची थाप. वस्तूला दुसरं काहीतरी काम द्यायचं. स्टूल इथे डबा काढायला आहे. आणि दुव्याचं वर्णन बाकीच्या वर्णनापेक्षा लांबवायचं नाही. नवे लेखक नेमके इथे फसतात. बाकी सगळी खोली एका ओळीत आणि स्टुलाला चार ओळी दिल्या, की वाचकाने ओळखलंच म्हणून समजा.

लपवायचं, पण दाखवून. १९२९ साली इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच भेटला पाहिजे, गुप्तहेराला योगायोगाने मदत होता कामा नये आणि त्याला सापडलेला दुवा लगेच वाचकासमोर यायला हवा, असं त्यांत आहे. आज ते दहाच्या दहा पाळायची गरज नाही, पण हे तीन मी सोडणार नाही. मुलांच्या कथेत योगायोगाचा मोह फार असतो. ती झाडामागे लपलेली असते आणि नेमका तिथेच येऊन खुनी फोनवर सगळं बोलतो! चोरून ऐकलेली कबुली हा उलगडा नव्हेच.

मग मुलीला काय मिळू शकतं? शवविच्छेदनाचा अहवाल नाही. कुणाच्या फोनच्या नोंदी नाहीत. कुणाला समोर बसवून उलटतपासणी घेता येत नाही. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दोन-तीन तास तिचे, त्यानंतर घरून हाक येणार. या अडचणी कथेला उपकारक आहेत. तास मोजके असले की कथेला आपोआप गती येते. आणि जमेच्या बाजूला एक मोठी गोष्ट आहे: मोठी माणसं मुलांसमोर बोलतात. "ती खेळतेय" म्हणून तिच्या डोक्यावरून वाक्यं फेकली जातात. भाडेकरू शेजाऱ्यांना सांगतो, "कुणाला हात लावू द्यायचे नाहीत हो, बल्बसुद्धा नेहमी स्वतःच बदलायचे. मी तर त्यांच्या दिव्याला कधी बोटही लावलं नाही." मुलगी तिथे जिन्यावर बसून वही कव्हर करत असते. हे वाक्य तिसऱ्या पानावर यायला हवं आणि अगदी सहज यायला हवं, कारण शेवटी फास याच वाक्याचा बसणार आहे.

मुलीकडे आणखी एक गोष्ट आहे जी जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. स्पर्धेत डाव संपला की दोन्ही खेळाडू चाली लिहिलेल्या कागदांवर सही करतात. आजोबा शिस्तीचे, घरच्या डावालाही तोच नियम. मुलीच्या फाइलमध्ये वर्षभराचे कागद आहेत, प्रत्येकावर तारीख आणि आजोबांची सही. खोट्या सह्यांशी ताडून पाहायला याहून चांगला साठा कुठे मिळणार? सही तपासताना एकच नमुना पुरत नाही; माणसाची सही रोज थोडी बदलते, म्हणून जवळच्या तारखांचे अनेक नमुने लागतात. मुलीला हे माहीत असायची गरज नाही. ती फक्त फाइल जपते, कारण ती आजोबांची आठवण आहे.

उलगड्याचा क्षण मी असा ठेवीन. चार दिवसांनी आजोबांची भाची घर आवरायला येते. ती वारस, म्हणून तिच्यावरही थोडा संशय आहेच. मुलगी फाइलमध्ये ठेवायला शेवटच्या डावाचा कागद मागायला जाते. स्टूल कोपऱ्यात आडवंच पडलं आहे. रोजची सवय म्हणून ती ते उचलून नीट उभं करते, रिकाम्या होल्डरखाली. मग वर बघते. मग दाराच्या चौकटीकडे बघते, सगळ्यात वरच्या खुणेकडे. यानंतर परिच्छेद संपवायचा. तिला काय कळलं ते लिहायचं नाही. इथे वाचकाला एक पान मिळालं पाहिजे, ज्यात तो तिच्या बरोबरीने पोचेल किंवा तिच्या आधी.

यानंतर तिने काय करू नये हे महत्त्वाचं. बल्ब पुराव्यात जमा आहे, तो तिच्या हाती लागायचाच नाही. मुलं रुमालात गुंडाळून पुरावा खिशात घालतात असं बऱ्याच कथांमध्ये दिसतं. रुमालाच्या घासण्याने काचेवरचे ठसे पुसले जातात आणि पुरावा कुणी, कधी, कुठून उचलला याची साखळी तुटते. त्यापेक्षा तिने प्रश्न विचारावा. वडिलांना घेऊन ती पोलीस अधिकाऱ्याकडे जाते आणि विचारते, "काका, आजोबांचा हात तिथे पुरला कसा?" ते आधी समजूत काढल्यासारखं हसतात, मग हसू थांबतं. ते बल्ब मागवतात. बल्बच्या मानेवर धुळीचा थर आहे, म्हणजे तो बरेच महिने टांगलेला होता. नवा लावायला घेतलेला नव्हे. जोडून बघितल्यावर तो पेटतो. धुळीने माखलेला, चालू असलेला बल्ब कोण कशाला काढेल? घरात दुसरा बल्बही नाही. मग होल्डरच्या कडेवरचा ठसा, आणि "कधी बोटही लावलं नाही" हे वाक्य. तपास पोलिसांनी केला, प्रश्न तिचा होता. ही वाटणी मला फार खरी वाटते.

वैद्यकीय तपशील या कथेत जवळजवळ लागत नाहीत, तरी लेखकाला ते ठाऊक हवेत, नाहीतर एका वाक्यात सगळं पाणी फिरतं. मृत्यूनंतर अर्ध्या तासात "देह लाकडासारखा ताठ झाला होता" असं लिहिलं जातं. ताठरपणा साधारण दोन ते चार तासांनी जबड्यापासून, मानेपासून सुरू होतो, सगळं शरीर ताठायला बारा-एक तास लागतात, आणि पुढे तो उतरतो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. रक्त खालच्या बाजूला साकळून त्वचेवर जांभळट डाग दिसायला लागतात ते अर्ध्या तासापासून दोन तासांत, आणि आठ ते बारा तासांत पक्के होतात. त्यानंतर देह उलटा केला तरी डाग जुन्या जागीच राहतात. आजोबा सकाळी सातला सापडले, मृत्यू रात्री पावणेनऊच्या सुमाराचा, म्हणजे डाग जवळपास पक्के आणि देह ताठ. हे कथेत कुठे येईल? दार उघडणाऱ्याने हात धरून उठवायला पाहिलं आणि हात वाकला नाही, एवढंच. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरला की माणूस क्षणात कोसळतो, हेही तसंच. प्रत्यक्षात मिनिटं लागतात. सायनाईडचा कडू बदामासारखा वास पुष्कळ लोकांना मुळात येतच नाही, तेव्हा सगळ्या घराने तो ओळखल्याचं दाखवू नये.

शब्दांची वाटणी साधारण अशी बसते. पाच हजारांची कथा धरली, तर पहिल्या सातशे शब्दांत आजोबा जिवंत दिसावेत, हसावेत, एक डाव जिंकावेत. मृतदेह हजाराच्या आत. संशयित तीनच, चौथा आला की दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. शेवटचं स्पष्टीकरण सातशे शब्दांपेक्षा लांबलं तर समजावं की पेरणी कमी पडली आहे आणि आता लेखक उरलेलं तोंडी सांगतोय. ती दुरुस्ती शेवटात करता येत नाही, मागे जाऊन पहिल्या पानांत करावी लागते.

खुन्याशी मुलीची एकटीची गाठ घालून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बंद खोली, हातात सुरी, "तुला सगळं कळलं तर!" हा प्रसंग लिहायला सोपा, पण त्यासाठी आतापर्यंत नीट विचार करणाऱ्या मुलीला अचानक मूर्ख व्हावं लागतं. भीती हवी असेल तर ती दुसऱ्या वाटेने आणता येते. प्रश्न विचारून आल्याच्या संध्याकाळी जिन्यावर तिला भाडेकरू भेटतो. तो नेहमीसारखाच प्रेमळ. "काय गं, आता कुणाशी खेळतेस?" असं विचारतो आणि तिच्या डोक्यावरून हात वर नेऊन जिन्यातला दिवा लावतो. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. एवढंच.

राहिलं दुःख. मुलांच्या खूनकथेत मृतदेह कोडं म्हणून येतो आणि कोडं सुटलं की सगळे आनंदात घरी जातात. पण ही मुलगी रोज ज्यांच्याकडे जात होती ते माणूस गेलं आहे. तिला जेवण जात नसेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तपास करतानाच मधे रडू येत असेल; ते एका-दोन ओळींत, जागच्या जागी आलं पाहिजे, वेगळं प्रकरण करून नव्हे. तपास हीच तिची शोक करायची रीत आहे असं वाचकाला दिसलं, तर ती का थांबत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटचा डाव अर्धवट राहिलेला आहे. मुलीची चाल होऊन गेली होती, आजोबांची बाकी होती. भाडेकरूला नेल्यानंतर ते मोडक्या शिडीवाले मित्र पट उचलायला येतात. मी त्यांना आजोबांच्या जागी बसवणार नाही. ते उभ्याउभ्याच पट बघतात आणि विचारतात, "काळ्याची चाल आहे ना?" ती मान हलवते. मग ती स्टूल ओढून घेते, चढते, आणि डबा काढायला हात वर करते. या वेळी बोटं फळीच्या कडेवरून आत जातात.